सत्तावन्न वर्षांचा धाकटा

मी आईबापांची एकुलती एक. गिरगावात आमच्या मजल्यावर तेरा बिऱ्हाडं आणि पोरांचा नुसता सुळसुळाट. पण त्या सगळ्यांत लहान मीच, त्यामुळे मला ताई म्हणणारं कोणी नव्हतं. पहिल्यांदा मला कोणी ताई म्हटलं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. म्हणणारा सत्तावन्नचा होता.

दादरला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर डबिंगचा स्टुडिओ होता. परदेशी कार्टून मराठीत करायचं काम तिथे नुकतंच निघालं होतं. चार पाणमांजरं, वयात आलेली, आईबाप नसलेली, सख्खी भावंडं. नदीवरच्या पुलाखाली राहतात आणि गावावर संकट आलं की चौघं मिळून लढतात. मूळ नावं आमच्यापैकी कोणाला धड उच्चारता येत नव्हती, म्हणून आमच्या दिग्दर्शिका बाईंनी ती काढून टाकली आणि सरळ ताई, दादा, मधला, धाकटा अशी नावं ठेवली. ताई मी. दादा म्हणजे बावीस वर्षांचा एक कॉलेजातला मुलगा, आवाज मात्र भरदार. मधला एका बँकेत नोकरीला, चाळिशीचा, कमी बोलणारा. आणि धाकटा, जो लढाईत उलटासुलटा पडतो, सगळ्यांचं खाऊन टाकतो आणि चुकून जिंकून देतो, तो हा.

पहिल्या दिवशी मी दारात पोचले तर एक टकलू, जाड भिंगांचा चष्मा लावलेला गृहस्थ दार धरून उभा. म्हणाला, "ताई, तू आधी." मला वाटलं, टोमणा मारतोय. मी म्हटलं, "काका, तुम्ही व्हा पुढे." तो तसाच उभा. ऐकूच आलं नाही असा चेहरा. मागून बाई म्हणाल्या, "काका म्हणालीस तर संध्याकाळपर्यंत तिथेच उभा राहील तो. जा आत."

आणि खरंच, काका म्हटलं की तो ओ देत नसे. अहो म्हटलं की मागे वळून बघायचा, कोणाला हाक मारली म्हणून. तेहतीस वर्षांनी मोठ्या माणसाला अरेतुरे करायला माझी जीभ वळेना. पण महिन्याभरात वळली. आता त्याच्याबद्दल लिहितानाही 'तो' असंच येतंय. तेवढं वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

काम करायची त्याची तऱ्हा वेगळी होती. स्टुडिओत शिरला की चपला काढायचा आणि साउंडवाल्याला माइक वर न्यायला सांगायचा, स्वतःच्या कपाळाच्याही वर. मग गुडघ्यात वाकून, मान वर करून बोलायचा. साउंडवाला वैतागायचा. त्याला याने एकदा समजावून सांगितलं, "लहान माणूस खालनं वर बघत बोलतो रे. सरळ उभा राहिलो तर माझा आवाज मोठा होतो." ते खरं होतं. वाकला की त्याच्या गळ्यातून चौदा वर्षांचं पोरगं निघायचं, किंचित फुटलेलं, सदा उत्साहात, आणि तुम्ही डोळे मिटले असते तर शपथेवर सांगितलं असतं की समोर अर्ध्या चड्डीतलं कोणीतरी आहे.

पळायचा प्रसंग असला की जागच्या जागी पळायचा. पळताना खिसे वाजायचे, म्हणून आधी ते रिकामे करून माझ्या हातात द्यायचा. किल्ल्या, कंगवा (टकलाला कशाला, देव जाणे), सुपारीची पुडी, हॉस्पिटलचं ओळखपत्र. "ताई, धर." मी सगळं ओढणीत धरून माझे संवाद म्हणायचे. खाण्याचे आवाज खोटे काढायला तो तयार नसे. पाणमांजर मासा खातं तेव्हा नेमकं कसं वाजतं, यासाठी त्याने आठवडाभर घरून काय काय आणलं. काकडी फार कडक वाजली. चिकू वाजेचना. शेवटी वेलची केळं ठरलं. पुढची चार वर्षं त्या धाकट्या पाणमांजराने महाराष्ट्रातल्या पोरांच्या कानात जितके मासे खाल्ले, ती सगळी केळी होती.

काम संपलं तरी त्याचं धाकटेपण संपत नसे. चहा कुठे प्यायचा विचारलं की, "मोठ्यांना विचारा." टॅक्सीत पुढे बसायचा नाही. वड्यांच्या ताटलीत शेवटचा वडा उरला की आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायचा, आणि तो त्यालाच मिळायचा. बावीस वर्षांचा दादा त्याला चिडवायचा, तर हा माझ्याकडे तक्रार घेऊन यायचा. मधला, म्हणजे ते बँकेतले, कधी कोणाशी हसून बोलले नसतील. ते याच्या चष्म्याच्या काचा स्वतःच्या रुमालाने पुसून द्यायचे. घरी निघताना हा दारात थांबायचा. "ताई, मी जाऊ?" मी जा म्हटल्याशिवाय जात नसे. एकदा मी फोनवर बोलत होते तर वीस मिनिटं उभा.

सुरुवातीला मला ही सगळी नाटकाची हौस वाटायची. परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर तो नोकरीला होता आणि त्याआधी गिरणीत. गिरणीत असताना कामगारांच्या नाटकांत त्याने पुष्कळ कामं केली होती, त्यामुळे अंगात भिनलंय, असं मी धरून चालले होते.

मग एकदा दोन दिवस तो आला नाही. ताप होता. बाईंनी मला पत्ता दिला. परळला चाळीत दुसऱ्या मजल्यावर खोली. मी गेले तर शेजारच्या मावशी त्याला पेज भरवत होत्या. भिंतीवर तीन फोटो ओळीने, तिन्हींना हार. एक बाई, कपाळावर मोठं कुंकू नाही, तोंडावर हसू नाही, पण नजर अशी की फोटोतूनही विचारतेय, जेवलास का. आणि दोन पुरुष.

मावशी मला बाहेर गॅलरीत घेऊन आल्या. म्हणाल्या, "तू ती ताई काय? तुझाच नाव काढता दिसभर." मग हळू आवाजात सांगू लागल्या. आईवडील मालवणाकडे असतानाच लवकर वारले. अक्का तेव्हा सोळा वर्षांची, हा सहा. तिने तिघा भावांना मुंबईला आणलं, या खोलीत गिरणीवाल्यांची खानावळ चालवली, लग्न केलं नाही. भावांना लावलं कामाला. "ह्येनाय नाय केल्यान लगीन. अक्का होती, भाव होते, ह्येका कसली गरज? एकेक करून गेले. अक्का गेली गेल्या वर्षी. आता हय कोण ह्येका अरे म्हणणारा नाय. सगळे काका नायतर आजोबा म्हणतत."

मी आत गेले. तो उठून बसला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "फोटो छान आहेत."

"आमच्या घरात प्रत्येकाचं खातं ठरलेलं होतं, गिरणीसारखं," तो म्हणाला. "अक्काचं रांधणं. थोरल्याचं भांडणं, म्हणजे घरमालकाशी वगैरे. मधल्याचं बाजारहाट. माझं हसवणं. मला दुसरं काही करूच दिलं नाय गो कोणी." फोटोंकडे बघत म्हणाला, "चौघांत एक बरं असतं. तिघं पुढे असतात. समोरून काय येतंय ते तुला बघायलाच लागत नाय."

तापामुळे बोलला असेल. परत कधी त्याने तो विषय काढला नाही. पण त्यानंतर मी फोनवर असले तरी त्याने 'मी जाऊ?' विचारलं की लगेच वळून जा म्हणू लागले.

माझ्या बाबांना हे पटत नव्हतं. ते त्याच्याहून वर्षाने लहान. "तुझा तो भाऊ माझ्याहून म्हातारा आहे," असं आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे. तो आमच्या घरी आला की बाबांना वाकून नमस्कार करायला जायचा आणि बाबा पाय ओढून घ्यायचे.

माझं लग्न ठरलं. कानपिळीची वेळ आली आणि भटजींनी विचारलं, "वधूचा भाऊ कोण?" आम्ही विचारच केला नव्हता. कुठलासा मावसभाऊ शोधायला आई मागे वळली, तेवढ्यात हा पुढे आला. रेशमी कुडता, डोक्यावर फेटा, आणि तो फेटा कानांपर्यंत खाली उतरलेला. "मी. धाकटा."

भटजींनी बाबांकडे बघितलं. सगळा हॉल बघत होता. बाबांनी त्याच्या फेट्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हो. तोच भाऊ." आणि त्याने माझ्या नवऱ्याचा कान असा काही पिळला की नवरा अजून म्हणतो, थट्टा नव्हती ती. पिळून झाल्यावर त्याच्या त्या चौदा वर्षांच्या आवाजात नवऱ्याला म्हणाला, "आमच्या ताईला रडवलंस तर दुसरा कान आहेच." पहिल्या रांगेतल्या पोरांनी आवाज ओळखला आणि हॉलमध्ये गलका झाला. कानपिळीचा मान म्हणून मिळालेलं शर्टाचं कापड त्याने शिवलं नाही. ट्रंकेत ठेवून दिलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला आवडत नाही.

चौथ्या वर्षी चॅनेलवर नवी माणसं आली. त्यांनी सगळे भाग ऐकले आणि बाईंना कळवलं की धाकटा म्हातारा वाटतोय. ते काही खोटं नव्हतं. तो एकसष्ट वर्षांचा झाला होता. वरच्या पट्टीत आवाज चिरकायचा, चार-चार वेळा घ्यायला लागायचं. गुडघ्यात वाकून उभं राहिलं की पाय थरथरायचे. मग साउंडवाल्याने न सांगता त्याच्यासाठी भिंतीजवळ माइक हलवला होता, टेकता यावं म्हणून. बाईंनी मला बाजूला घेतलं. "तू सांग त्याला. मी सांगितलं तर त्याला वाईट वाटेल. तुझं तो ऐकेल."

मी नाही म्हणायला हवं होतं. किंवा निदान बाईंना सोबत न्यायला हवं होतं. मी त्याला दादरच्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात घेऊन गेले, दोन पीयूष मागवले आणि तो अर्धं पिऊन होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्याला त्या दिवशी नको तेवढा उत्साह होता. येत्या भागात धाकटा पतंगाला लटकून उडतो, ते कसं करायचं हे तो खुर्चीत हातवारे करून दाखवत होता.

मी म्हटलं, "धाकट्या, ऐक. धाकट्याचं काम आता दुसरं कोणी करणार आहे."

त्याने हात खाली घेतले. "कोण?"

"एक मुलगी आहे. चांगली आहे. तिचा आवाज लहान आहे."

"बाईंनी ठरवलं?"

हो म्हटलं असतं तर ते खरं होतं. पण मला वाटलं, परक्याने काढलं असं त्याला वाटायला नको. मी म्हटलं, "आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. दादा, मधला आणि मी. तुला त्रास होतो ना आताशा."

तो पेल्याकडे बघत राहिला. वरच्या ओठाला पीयूष लागलं होतं, ते पुसायचं त्याला सुचलं नाही. मग म्हणाला, "तिघांनी ठरवलं तर बरोबरच असेल." आणि जरा वेळाने, "तिला केळ्याचं सांगायला पायजे. नाय तर ती काकडी खाईल."

पुढच्या आठवड्यात तो तीन दिवस आला, स्वतःहून, आणि त्या मुलीला सगळं शिकवलं. माइक वर. चपला बाहेर. धाकटा चिडतो तेव्हा रडण्याच्या एक पायरी अलीकडे थांबतो. मुलगी हुशार होती, सगळं लिहून घेत होती. तिसऱ्या दिवशी तिने एक वाक्य म्हटलं आणि तो टाळ्या वाजवत म्हणाला, "झालं. हिला जमतंय." मग त्याने खिसे चाचपले आणि माझ्याकडे दिलेल्या किल्ल्या मागून घेतल्या. जाताना दारात थांबला नाही. मी वळले तेव्हा तो गेलेला होता.

दादा बाईंशी खूप भांडला. आम्हाला विचारलंही नाही, म्हणाला. मी गप्प बसले. त्याच दिवशी दादाने धाकट्यालाही फोन करून तेच सांगितलं होतं, की आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. म्हणजे मी खोटं बोलले हे त्याला त्याच संध्याकाळपासून ठाऊक होतं. नंतर त्याने शंभर वेळा तरी मला फोन केला असेल. एका शब्दाने कधी बोलला नाही.

दर रविवारी सकाळी तो फोन करायचा. "काय गो ताई, काय रांधलंस?" चिरकलेला का होईना, आवाज तोच. मी कधी घ्यायचे, कधी घ्यायचे नाही. ऑफिस वरळीला, घर सांभाळायचं, डबिंग आता क्वचित. फोन वाजताना बघायचे आणि मनात म्हणायचे, संध्याकाळी करू. रविवार म्हणजे काय, पुढचा येतोच. मध्यंतरी त्याची चाळ पुनर्विकासाला गेली आणि त्याला शीव कोळीवाड्याला संक्रमण शिबिरात चौथ्या मजल्यावर खोली मिळाली. तिथे मी वर्षात दोनदा गेले असेन.

बाबा अचानक गेले. सकाळी पेपर वाचता वाचता. मी तेहतीस वर्षांची होते. नवरा धावपळीत, आई सुन्न, आणि मी सगळ्यांना फोन लावत, कागद शोधत, खुर्च्या मागवत फिरत होते. दुपारनंतर घर रिकामं झालं तेव्हा तो आला. हातात स्टीलचा डबा. भात आणि तूप घातलेलं वरण. आईच्या खोलीत जाऊन तिच्यापाशी बसून आला, मग स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाट घेतला, ताट वाढलं.

"बाळा," तो म्हणाला, "दोन घास खा."

मी खाल्लं. तो समोर बसून होता. हसवायचा त्याने प्रयत्नसुद्धा केला नाही. मला त्या वेळी काही जाणवलं नाही. दिवस झाल्यावर, तेराव्यानंतरच्या रविवारी त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "बाळा, आई जेवते का नीट?" तेव्हा मला कळलं. आवाजही निराळा होता. खर्जातला, जुना, सरळ उभ्या माणसाचा. त्याचा खरा आवाज मी नऊ वर्षांत ऐकलाच नव्हता.

मी म्हटलं, "ताई म्हण ना रे."

मग म्हणाला, "आता तुझ्या पुढे कोण नाय गो. कोणीतरी पायजे."

"तू कशाला? तू धाकटा आहेस."

"होतो की. पुष्कळ वर्षं होतो," तो म्हणाला. "गॅसचं पुस्तक बाबांच्या नावावर असेल ना? ते आधी आईच्या नावावर करून घे."

त्यानंतर तो परत कधीही धाकटा झाला नाही. मी चिडवून बघितलं, शेवटचा वडा त्याच्याकडे सरकवला, तर त्याने तो अर्धा करून मोठा अर्धा मला दिला. पेन्शनचे अर्ज, आईचा मोतीबिंदू, आमच्या इमारतीची गळती, सगळ्याची चौकशी. थंडीत कान बांध म्हणायचा. कंटाळवाणा, काळजी करणारा, चारचौघांसारखा म्हातारा. मी नकळत अहोजाहो करू लागले आणि त्यांनी ओ दिली. इथून पुढे मलाही 'तो' लिहिता येत नाही.

ते गेल्या वर्षी गेले, हृदयविकाराने, सकाळीच. दादा, मधला आणि मी, आम्ही तिघांनी मिळून सगळं केलं. पण मला जे आठवतं ते त्याच्या चार महिने आधीचं आहे.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन परळला झालं होतं. दोन रात्री मी खुर्चीवर काढल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मामी आली आणि म्हणाली, घरी जा, झोप. गिरगावला जाऊन परत येण्याचं त्राण नव्हतं. मी शीव कोळीवाड्याला गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि ताट वाढायला घेतलं. मांदेली तळलेली होती, भात होता. मी जेवले. ताट उचलायला गेले तर म्हणाले, "ठेव. पड जरा."

मी त्यांच्या खाटेवर आडवी झाले. गॅलरीत पोरांचं क्रिकेट चालू होतं, चेंडू भिंतीवर आपटत होता, आरडाओरडा. त्यातच मला झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून गेलेलं होतं. बाहेर आवाज नव्हता. आधी वाटलं पोरं घरी गेली. मग डोळे किलकिले करून बघितलं. ते दारात उंबऱ्यावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून, आणि पोरं त्यांच्याभोवती गोळा होऊन बसली होती. ते काहीतरी गोष्ट सांगत होते, इतक्या हळू, कुजबुजत, की पोरांना ऐकायला माना पुढे काढाव्या लागत होत्या. एक पोरगं हसलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मागे माझ्याकडे बघितलं, मी जागी झाले का म्हणून.

मी पटकन डोळे मिटले. पाच वाजता मला हॉस्पिटलात पोचायचं होतं आणि साडेचार होऊन गेले असणार. मी तशीच पडून राहिले.